चिंधी दिसली की सांग

माझ्या बहिणीला बोट लागते. हे तिला बोटीत एकदाही पाय न ठेवता माहीत होतं. कुणी म्हटलं, "ताई, एकदा चला की खाडीत फिरायला," की ही लगेच हात जोडणार, "नको रे बाबा, मला बोट लागते." मी कितीदा विचारलं, अगं, बसलीच नाहीस तर लागली कधी? तर म्हणायची, "मला खिडकीतून बघूनच लागते. तू आपलं तुझं काम कर."

आता गंमत बघा. आमच्या धक्क्यावर जिला ताईचा हात लागला नाही अशी एक बोट दाखवा, मी मिशी काढून देतो. बसायच्या गाद्या, डोक्यावरची छतं, बाजूचे पडदे, इंजिनावरचं झाकण, सगळं तिनं शिवलेलं. धक्क्याच्या पायऱ्यांसमोरच तिची लांबट खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून जाड कापडाचे तागे, कोपऱ्यात फोमचा ढीग, आणि फरशीवर खडूनं मारलेल्या रेघा. छताचं कापड एवढं मोठं असायचं की ते खोलीत पुरतं उलगडायचंच नाही, अर्धं दारातून रस्त्यावर जायचं. येणारे-जाणारे त्याच्यावरून उडी मारून जात. ज्यानं पाय दिला त्याची धडगत नसे. एकदा बंदराचा साहेबच चिखलाचे बूट घेऊन वर चढला, तर ताईनं गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याचा बूट धरला आणि म्हणाली, "साहेब, हा इथेच काढा, मग पाय उचला." साहेबानं काढला. बिचारा एका पायात नुसता मोजा घालून रस्ता ओलांडून गेला.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी एवढा लहान होतो, की आईचा चेहरा म्हणून जो आठवतो तो ताईचाच आहे. वडील कामासाठी सतत बाहेरगावी. ताईनं शाळा सोडली आणि धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे शिवायला बसली. माझी शाळेची चड्डीसुद्धा तिनं बोटीच्या छताच्या उरलेल्या कापडातून शिवली होती. ती चड्डी चालताना कडकड वाजायची, आणि मी उठलो तरी ती बसलेलीच राहायची. पोरं हसायची. पण सांगतो, भर पावसात अख्ख्या वर्गात एक माझीच चड्डी कोरडी असायची. तेव्हापासून ती मला बारक्या म्हणते. आता माझं पोट सुकाणूला लागतं, मला नातवंडं आहेत, तरी धक्क्यावर चारचौघांत हाक येते, "बारक्या, जेवलास का रे?"

पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला. मेहुणे फार गोड माणूस होते, पण लवकर गेले. ताईचं मशीन काही थांबलं नाही. तिनं मुलाला शिकवलं, मलाही हात दिला. दुसऱ्यांच्या बोटींवर राबून राबून शेवटी मी स्वतःची बोट घेतली. लहानशीच आहे, पांढरी, निळ्या पट्ट्यांच्या छताची. लोक दिवसभरासाठी घेतात. मी त्यांना खाडीच्या फाट्याफाट्यांतून फिरवतो, दुपारी एखाद्या शांत जागी नांगर टाकतो आणि संध्याकाळी परत आणून सोडतो. ते निळ्या पट्ट्यांचं छत अर्थातच ताईचं. ते लावायच्या दिवशी ती धक्क्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली, आणि तिथे उभं राहून मला सूचना देत राहिली. पाण्याला पाय लावला नाही.

तर या ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शहरात एका उंच इमारतीत राहतो. पोरगा गुणी आहे, त्याला नाव ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, आई, आता बास झालं, डोळे किती ताणशील, माझ्याकडे राहायला ये, तुझी खोली तयार आहे. ताई म्हणाली, बरं. तागे वाटून टाकले, मशीनला झाकण घातलं. पुढच्या आठवड्यात कुणीतरी ते घेऊन जाणार होतं.

मला ती जायला नको होती. पण मी आपला मूग गिळून गप्प. जिनं आमच्यापायी जन्मभर पाठ मोडून घेतली, तिला आता कुठे मुलाकडे चार घास सुखाचे मिळतायत, त्यात मी कोण आडवा येणारा? उलट तिच्या सामानाच्या दोऱ्या मीच आवळून दिल्या. बायको रोज कानीकपाळी ओरडायची, "अहो, एकदा म्हणा तरी, ताई, जाऊ नको, आपल्या मागच्या खोलीत राहा. तोंडाला कुलूप लागलंय का?"

मी म्हणायचो, "तिला राहायचं असतं तर ती बोलली नसती का?"

"त्या बोलतील?" बायकोनं कपाळाला हात लावला. "तुमच्या घराण्यात कधी कुणी कुणाकडे काही मागितलंय?"

आता हे मात्र खरं. आमच्या घरात शेवटचा तुकडा नेहमी वाळून जायचा. पावाचा असो, नाहीतर आणखी कशाचा. ताई म्हणणार, "तू घे, मला नको." मी म्हणणार, "मला नको, तू घे." दोघांच्याही पोटात कावळे ओरडतायत, आणि सकाळी बघावं तर तुकडा मुंग्यांनी खाल्लेला.

जायचा दिवस उजाडला. गाडी संध्याकाळची होती. बायकोनं सकाळीच डबा हातात दिला आणि फर्मान काढलं, "आज भाडं घ्यायचं नाही. ताईंना घेऊन खाडीत जा. आणि तोंड उघडा."

ताई रिकाम्या खोलीत खिडकीशी बसली होती. बांधलेलं सामान दाराशी. मी म्हटलं, "चल ताई, बोटीनं फिरवून आणतो." आता ती 'लागते' म्हणणार म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. ती उठली, शिवणाची पिशवी काखेला मारली आणि म्हणाली, "चल."

बोटीत बसल्यावर तिनं काय केलं असेल? पाणी बघितलं? छे! आधी गादीचे चारही कोपरे अंगठ्यानं दाबून बघितले. "इथली शिवण उसवतेय. सांगितलं नाहीस?" मी इंजिन सुरू केलं. धक्का मागे सरकायला लागला तशी ती वळून बघत राहिली. पायऱ्या, दोरखंडांचं दुकान, आणि त्यांच्यामध्ये तिची खिडकी.

"अगं बाई, माझी खिडकी एवढीशीच आहे होय?" ती म्हणाली.

"लागतेय का बोट?"

"गप चालव."

मग सुरू झाली आमची मिरवणूक. समोरून येणारी प्रत्येक बोट ही छतावरून ओळखणार. "हे हिरवं बघ, याचं माप माझं चुकलं होतं, पुढून तोकडं झालंय. हे पिवळं, याच्या मालकिणीनं झालर लावून मागितली. बोटीला झालर! लावली बाई." आणि बोटवाले तिला बघून ओरडायचे, "ताई? तुम्ही? बोटीत?" एकजण तर तिच्याकडे बघता बघता खांबावर आपटणार होता. ताई सगळ्यांना हात करत होती. तिचा चेहरा इतका खुलला होता, की मला एकदम गलबलून आलं. म्हटलं, आता बोलावं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "वारा बरा आहे आज."

पुढे मी बोट एका अरुंद फाट्यात घातली. दोन्ही बाजूंनी खारफुटीची झाडं, पाणी हिरवं, वर फांद्यांची जाळी. ताईला एक पक्षी दाखवायच्या नादात माझं वर लक्ष राहिलं नाही आणि एक फांदी छताला चरचरत गेली. हातभर फाटलं.

"बारक्या!" ताई उभीच राहिली. "माझ्या हातचं छत! डोळे कुठे होते तुझे?"

"अगं, पक्षी..."

"पक्ष्याला घाल खड्ड्यात. कापड बघ."

फाटा जिथे संपतो तिथे एक गोल, निवांत जागा आहे. तिथे मी नांगर टाकला. तळ उथळ आहे, आणि ओहोटी लागली की पाणी भराभर उतरतं. म्हणून माझी एक पद्धत आहे. बोटीशेजारी चिखलात एक बांबू रोवायचा, त्याला पाण्याखाली एक लाल चिंधी बांधलेली. पाणी उतरता उतरता चिंधी दिसायला लागली, की बोटीखाली जेमतेम वीतभर पाणी उरलं असं समजायचं, आणि हातातलं सगळं टाकून नांगर उचलायचा. या चिंधीच्या जिवावर मी आजवर एकदाही रुतलो नाही. धक्क्यावर सगळ्यांना माहीत आहे, दुसऱ्या कुणाचीही बोट रुतेल, याची नाही. चिंध्या ताईच्याच खोलीतल्या. पण त्यांचं मी काय करतो हे तिनं तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

आम्ही जेवलो. पाव, उकडलेली अंडी, केळी, थर्मासमधला चहा. शेवटी एक केळं उरलं. "तू घे," ताई म्हणाली. "नको, तू घे," मी म्हणालो. केळं डब्यात परत गेलं.

"ताई," मी म्हणालो.

"काय रे?"

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "मी जरा पडतो. तू त्या बांबूवर लक्ष ठेव. डोळ्यांत तेल घालून बघ हं. चिंधी दिसली की सांग."

"सांगते."

मी गादीवर आडवा झालो. फाटलेल्या छतातून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि झोपलो.

जाग आली ती थर्मास गडगडत येऊन कानावर आदळला म्हणून. उठून बसायला गेलो तर कलंडलो. बोट एका कुशीवर टेकलेली. चहूकडे नुसता चिखल, चिखलात खेकडे, आणि तो बांबू तळापर्यंत उघडा, त्याच्यावर लाल चिंधी वाळून वाऱ्यावर फडफडतेय. ताई समोरच बसली होती, हात मांडीवर ठेवून.

माझं डोकंच फिरलं. "ताई! एक काम दिलं होतं तुला, एक! चिंधी दिसली नाही?"

"डोळा लागला रे माझा," ती म्हणाली.

"डोळा लागला? अगं, वाळलीसुद्धा ती चिंधी! उद्या धक्क्यावर काय तोंड दाखवू मी?"

मी चिखलात उतरलो. गुडघ्यापर्यंत गेलो. बोटीला खांदा लावून ढकललं, शिव्या घातल्या, पुन्हा ढकललं. वरून ताई म्हणाली, "बारक्या, भरती आल्याशिवाय ती हलायची नाही, आणि तुझी कंबर मात्र जाईल." हे का मला माहीत नव्हतं? पण राग आला की माणूस चिखलसुद्धा ढकलतो.

भरती येऊन बोट तरंगेपर्यंत संध्याकाळ होणार, म्हणजे गाडी चुकली. मी भाच्याला फोन लावला. तो आधी पोट धरधरून हसला, "मामा, तू? रुतलास?" मग म्हणाला, "मामा, एक सांगू? आईनं याआधी दोनदा तिकीट बदलायला लावलं. एकदा म्हणाली गाद्यांचं काम अडलंय, एकदा म्हणाली गुडघा दुखतोय. मला वाटलं तूच तिला थांबवतोयस."

"मी? मी तर एक अक्षर बोललो नाही."

"मला राग नाही रे मामा. तिचं जिथे मन रमेल तिथे ती राहू दे. पण ती मला काही सांगेल तर शपथ."

मी फोन ठेवला, पाय खंगाळले आणि पुढच्या टोकाला जाऊन तोंड फुगवून बसलो. ताई मात्र मजेत होती. खेकडे बिळातून बाहेर येत, एकमेकांवर नांग्या उगारत आणि घाबरून परत बिळात जात. ती त्यांना बघून पोरीसारखी हसत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हे सगळं इतकं जवळ होतं रे. आणि मी आपली खिडकीतून बघत बसले."

"कुणी अडवलं होतं? तुलाच लागायची ना बोट."

"लागतेय कुठली! लोकांना सांगायला काहीतरी हवं ना." ती चिखलाकडेच बघत होती. "एकदा बसले असते तर पुन्हा मशीनवर बसावंसं वाटलं नसतं. आणि बसायला तर हवंच होतं. तुला शिकवायचं होतं, मग पोराला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी आत गेलो, थर्मासमधला उरलेला चहा तिला ओतून दिला. गार झाला होता. तिनं तो सगळा प्यायला.

हळूहळू पाणी आलं. आधी ओहळांतून, मग चिखलावर पसरत, मग खेकड्यांची बिळं दिसेनाशी झाली. बोट कुरकुरली, जरा सरळ झाली. सूर्य झाडांमागे उतरला होता. परत जाताना फांद्या पुन्हा छताला लागतील, फाटलेला भाग आणखी फाटायला नको, म्हणून मी उभा राहून ती फट चाचपायला लागलो. फट सापडेना. इथेच तर होती. दुपारी इथूनच ऊन येत होतं, झोपताना डोळ्यांवर हात घ्यावा लागला होता. उठलो तेव्हा मात्र डोळ्यांवर ऊन नव्हतं, आणि त्या चिखलाच्या गडबडीत माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मी बोटं फिरवली आणि टाके हाताला लागले. कडा आत दुमडून, मेणाच्या दोऱ्यानं, एकाला एक लागून घातलेले टाके, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे. अर्धी दुपार गेली असेल त्यात. हे टाके मी डोळे मिटूनही ओळखले असते.

मी ताईकडे वळलो. तिच्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच होतं, काढायचं राहिलेलं.

"ताई, दुपारी डोळा लागला होता ना तुझा?"

"सांगितलं ना मघाशी."

"झोपेत टाके बरे घालतेस."

तिनं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं. मग म्हणाली, "तुझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं."

"आणि चिंधी?"

"दिसली की. आधी टोक दिसलं, मग गाठ दिसली, मग सगळीच वर आली. मी बघत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नांगर उचलला असतास." तिनं बांबूकडे बघितलं. "आणि मग मी गेले असते. बारक्या, तू सामान बांधायला आलास ना, मला वाटलं, आता म्हणेल. प्रत्येक गाठीला वाटलं, आता म्हणेल. तू नुसत्या दोऱ्या आवळत होतास. किती घट्ट मारल्यास रे त्या गाठी!"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. लपवायलाही जागा नाही, एवढीशी बोट. मी म्हटलं, "मला वाटलं, तुला तिकडे सुख लागेल."

"मला विचारलंस?"

"तू सांगितलंस?"

बोट आता पुरती सरळ झाली होती आणि नांगराच्या दोरीवर हळूहळू फिरत होती. बांबूवरची चिंधी पुन्हा पाण्याखाली गेली होती.

"ताई, जाऊ नको," मी म्हणालो.

"काय?"

"जाऊ नको. आमच्याकडे राहा. मागची खोली आहे, मशीन तिथे खिडकीशी लावू. माझ्यानं तुझ्यावाचून राहवणार नाही."

"मोठ्यानं बोल रे. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

इंजिन मी अजून सुरूच केलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं.

तिनं डोळे पुसले. मग डबा उघडला, ते उरलेलं केळं काढून सोललं, आणि मला न विचारता सगळंच्या सगळं खाऊन टाकलं.